स्थूल देहाची पसंती आणि प्रतिष्ठा : अमेरिकेतील देहाभिरुचीचा ऐतिहासिक अभ्यास (१८७७ ते २०२३)

प्रस्तावना :

स्त्रीदेहाच्या आकाराविषयीची आवडनिवड ही सर्वसाधारणपणे खाजगी बाब मानली जाते. कोणास सडपातळ बांधा रुचतो, कोणास भरलेले अंग रुचते. त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काय आहे, असा प्रश्न सहज उपस्थित होऊ शकतो. तथापि एकाच देशात तीन-चार पिढ्यांच्या अवधीत एकच स्त्रीदेह प्रथम कौतुकाचा, नंतर उपहासाचा आणि शेवटी उपचाराचा विषय ठरला असेल, तर ती केवळ व्यक्तिगत रुचीची गोष्ट उरत नाही. रुची व्यक्तीची असते. परंतु ती उघडपणे बोलून दाखवावी की लपवावी, तिचा अभिमान बाळगावा की लाज, हे ठरविणारी परिस्थिती समाजाची असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा गेल्या सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. याच देशात १९६९ मध्ये स्थूल स्त्रियांविषयी आकर्षण असणाऱ्या एका पुरुषाच्या पुढाकाराने स्थूल व्यक्तींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि अवघ्या चार वर्षांत त्याच संघटनेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी आकर्षण व अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे ठामपणे मांडले. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा मागोवा घेऊन त्यातून निष्पन्न होणाऱ्या प्रश्नाची चर्चा करण्यात आली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील स्त्रीदेहविषयक अभिरुचीत झालेल्या परिवर्तनाचा आढावा घेणे.
२) या परिवर्तनामागील आर्थिक, वैद्यकीय व वांशिक कारणांचा शोध घेणे.
३) १९६७ ते १९७४ या काळातील स्थूल व्यक्तींच्या चळवळीत 'आकर्षण' आणि 'अधिकार' यांमध्ये निर्माण झालेल्या तणावाचे स्वरूप स्पष्ट करणे.
४) या इतिहासाचा भारतीय, विशेषतः मराठी, संदर्भात काय अर्थ लागतो ते पाहणे.

पुष्ट देहाच्या प्रतिष्ठेचा काळ :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मध्यमवर्गात पुष्ट देह हे आरोग्याचे व सुस्थितीचे लक्षण समजले जात असे. क्षयासारख्या रोगांनी शरीर झिजते, हा त्या पिढीचा नित्याचा अनुभव होता. साहजिकच अंगावरील मांस हे भय नव्हे, तर आश्वासन वाटे. फिलाडेल्फिया येथील प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी १८७७ मध्ये 'फॅट अँड ब्लड' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कृश व मानसिकदृष्ट्या थकलेल्या स्त्रियांना कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून, बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क तोडून, दूध व अन्य पौष्टिक आहार मोठ्या प्रमाणात देऊन त्यांचे वजन वाढविणे, ही त्यांची उपचारपद्धती होती. वजन वाढणे हाच रोग हटल्याचा पुरावा मानला जाई.

रंगभूमीवरही हीच अभिरुची प्रकट होत होती. लिलियन रसेल ही गायिका-अभिनेत्री १८८० नंतरच्या दोन दशकांत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील सर्वाधिक गाजलेली सौंदर्यवती होती. ऐन लोकप्रियतेच्या काळात तिचे वजन २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९० किलोंच्या आसपास पोहोचल्याचे सांगितले जाई. तरीही तिच्या सौंदर्याच्या लौकिकाला बाध आला नाही. पुरुषांच्या बाबतीत तर स्थूलतेचा उघड उत्सव होत असे. १९०३ मध्ये व्हरमाँट राज्यातील वेल्स रिव्हर येथे 'न्यू इंग्लंड फॅट मेन्स क्लब' स्थापन झाला. किमान २०० पौंड वजन ही सभासदत्वाची अट होती. व्यापारी व प्रतिष्ठित गृहस्थ तेथे एकत्र येऊन भोजनसमारंभ करीत व वजनाच्या स्पर्धा लावीत.

या काळाचे वर्णन 'स्थूल स्त्रियांचे सुवर्णयुग' असे करण्याचा मोह टाळणे मात्र आवश्यक आहे. पुरुष आपला क्लब आपण काढीत होते आणि आपले वजन आपण मिरवीत होते. स्त्रीचे वजन मात्र तिचा डॉक्टर वाढवीत होता किंवा तिचा प्रेक्षक मोजीत होता. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने १८८७ मध्ये मिचेल यांचे उपचार घेतले आणि १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द यलो वॉलपेपर' या कथेतून त्या सक्तीच्या विश्रांतीची भयावहता मांडली. पुष्ट देहाची प्रतिष्ठा आणि त्या देहाच्या धनिणीचे स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकत्र नांदत नव्हत्या, ही बाब पुढील इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे.

अभिरुचीचे परिवर्तन आणि त्याची कारणे :

इ.स. १८९० ते १९२० या तीन दशकांत चित्र पालटले. पीटर स्टर्न्स यांनी 'फॅट हिस्टरी' (१९९७) या ग्रंथात आणि हिलेल श्वार्ट्झ यांनी 'नेव्हर सॅटिस्फाइड' (१९८६) या ग्रंथात या पालटाची सविस्तर चिकित्सा केली आहे. त्यामागे कोणतेही एकच कारण नव्हते. अनेक प्रवाह एकत्र आले होते.

पहिला प्रवाह मोजमापाचा होय. कनेक्टिकट राज्यातील मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी १८९० च्या दशकात अन्नातील ऊर्जेचे मापन सुरू केले आणि 'कॅलरी' हा शब्द प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात येण्याचा मार्ग खुला झाला. लुलू हंट पीटर्स या डॉक्टर महिलेने १९१८ मध्ये 'डाएट अँड हेल्थ' हे पुस्तक लिहून सामान्य गृहिणीला कॅलरी मोजावयास शिकविले. पहिल्या महायुद्धाच्या काळात अन्नबचत हे राष्ट्रकार्य ठरले होते. त्यामुळे अंगावर साठविलेली चरबी ही जणू धान्याची साठेबाजी आहे, असा नैतिक आशय त्या पुस्तकाला आपोआप प्राप्त झाला. रेल्वे स्थानकांवर व दुकानांत नाणे टाकून वजन पाहण्याची यंत्रे आली. जे वजन पूर्वी डोळ्यांनी अजमावले जाई, ते आता आकड्यांत सांगितले जाऊ लागले.

दुसरा प्रवाह बाजारपेठेचा होय. घरी बेतलेले कपडे मागे पडून तयार कपडे आले, तेव्हा देहाने मापात बसणे क्रमप्राप्त झाले. पूर्वी कपडा देहाप्रमाणे शिवला जाई. आता देह कपड्याप्रमाणे असावा अशी अपेक्षा निर्माण झाली. लिथुआनियातून आलेल्या लीना हिमेलस्टीन ब्रायंट या शिवणकाम करणाऱ्या विधवेने न्यूयॉर्कमध्ये १९०४ च्या सुमारास 'लेन ब्रायंट' या नावाने दुकान थाटले. गरोदर स्त्रियांच्या कपड्यांपासून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे स्थूल स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी देशभर प्रसिद्ध झाला. स्थूल स्त्रियांची संख्या कमी झाली नव्हती, त्यांची बाजारातील जागा तेवढी वेगळी काढण्यात आली, हे या उदाहरणावरून दिसून येते.

तिसरा प्रवाह वंशभेदाचा असून त्याकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले. सबरीना स्ट्रिंग्ज यांनी 'फिअरिंग द ब्लॅक बॉडी' (२०१९) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, स्थूलतेविषयीची घृणा वैद्यकशास्त्रातून उगम पावलेली नाही; अटलांटिक गुलामव्यापाराच्या काळात युरोपीय लेखकांनी स्थूलता ही आफ्रिकी स्त्रीची खूण ठरविली आणि मिताहारी, सडपातळ देह ही गोऱ्या प्रॉटेस्टंट स्त्रीची ओळख बनविली. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन या स्त्रीची कहाणी या संदर्भात विसरता येत नाही. १८१० पासून लंडनमध्ये व नंतर पॅरिसमध्ये तिच्या देहाचे पैसे घेऊन प्रदर्शन करण्यात आले. १८१५ मध्ये पॅरिस येथे तिचा मृत्यू झाल्यावर जॉर्ज क्यूव्हिए या निसर्गशास्त्रज्ञाने तिचे शवविच्छेदन केले. तिचे अवशेष २००२ मध्ये मायदेशी परत आले. तिच्याकडे पाहणाऱ्या गर्दीत कुतूहल होते, तिरस्कार होता आणि आकर्षणही होते. आकर्षण असले म्हणजे सन्मान असतोच असे नाही, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण आहे. अमेरिकेत १८८० नंतर दक्षिण व पूर्व युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे आले, तेव्हा सडपातळ देह हे 'खऱ्या' अमेरिकन घराण्याचे लक्षण म्हणून अधिकच आग्रहाने मिरविले जाऊ लागले.

याचा दृश्य परिणाम १९२० च्या दशकात दिसला. सपाट छाती, आखूड केस आणि सरळ अंगलटीची 'फ्लॅपर' तरुणी हा नवा आदर्श बनला. स्वतः लिलियन रसेलही शतकाच्या अखेरीस वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सायकल चालवीत असे. न्यू इंग्लंडमधील स्थूल पुरुषांचा क्लबही १९२० च्या दशकात बंद पडला.

आकड्यांची सत्ता :

यापुढील टप्पा विमा कंपन्यांचा आहे. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी 'आदर्श वजना'ची कोष्टके प्रसिद्ध केली. १९५९ मध्ये ती सुधारून 'इष्ट वजन' या नावाने आली. विमेदारांच्या मृत्युमानावरून तयार केलेली ही कोष्टके दवाखान्याच्या भिंतीवर लागली आणि व्यवसायाचा हिशेब हा देहाचा आदर्श झाला. पुढे १९७२ मध्ये आन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल्जियन सांख्यिकीतज्ज्ञ अडॉल्फ केटले यांच्या १८३२ मधील सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. केटले यांना 'सरासरी मनुष्य' शोधावयाचा होता, रोगनिदान करावयाचे नव्हते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अतिवजनाची मर्यादा २५ पर्यंत खाली आणली, तेव्हा अडीच कोटींहून अधिक नागरिकांचे वर्गीकरण, त्यांच्या वजनात तोळाभरही फरक न पडता, बदलले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर स्थूलतेवरील कलंक किती खोलवर रुजला होता, हे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्डसन व सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून स्पष्ट होते. दहा-अकरा वर्षांच्या ६४० मुलामुलींना सहा मुलांची चित्रे दाखवून त्यांना पसंतीक्रम लावण्यास सांगण्यात आले. कुबड्या घेतलेले, चाकांच्या खुर्चीत बसलेले, हात नसलेले, चेहऱ्यावर व्यंग असलेले अशा सर्व मुलांच्या खाली, शेवटच्या क्रमांकावर, स्थूल मूल आले. १९६३ मध्ये समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 'स्टिग्मा' या ग्रंथात दाखवून दिले की, कलंक कलंकित व्यक्तीपुरता राहत नाही. तिच्या निकटवर्तीयांनाही तो चिकटतो. स्थूल स्त्रीवर प्रेम करणाऱ्या पुरुषाची स्थिती या संकल्पनेने नेमकी समजते. त्याची आवड ही विकृती, तडजोड किंवा विनोद यांपैकी काहीतरी असणार असे गृहीत धरले जाई. परिणामी अनेक पुरुष एका स्त्रीवर प्रेम करीत आणि चारचौघांत मात्र दुसरीबरोबर वावरत. याची किंमत त्या पुरुषापेक्षा त्या स्त्रीला अधिक मोजावी लागे.

आकर्षणातून संघटनेकडे : १९६७ ते १९६९ :

साठच्या दशकात सडपातळपणाचा आग्रह टोकाला पोहोचला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडेच या गृहिणीने 'वेट वॉचर्स' ही संस्था स्थापन केली. १९६६ मध्ये ब्रिटनमधील 'ट्विगी' ही अतिकृश मॉडेल जगभर गाजली. परंतु नागरी हक्कांच्या चळवळीने 'बहुमताला जे नैसर्गिक वाटते ते न्याय्य असतेच असे नाही' हा धडाही याच काळात दिला होता. जून १९६७ मध्ये स्टीव्ह पोस्ट या रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने सुमारे ५०० लोक न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जमले. त्यांनी डाएटची पुस्तके व ट्विगीचे चित्र जाळले आणि आइस्क्रीम खाल्ले. कार्यक्रमाचे स्वरूप गमतीचे होते. त्यामागील संताप मात्र खरा होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लू लाउडरबॅक या लेखकाचा स्थूल माणसांची बाजू मांडणारा लेख 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सतत आहार तोडून वजन उतरविण्याचा त्रास सोडून दिल्यावर आपण व आपली पत्नी अधिक सुखी झालो, असा त्याचा अनुभव होता. हा लेख बिल फॅब्री या तरुण अभियंत्याच्या हाती पडला. फॅब्री स्वतः स्थूल नव्हता. त्याची पत्नी स्थूल होती. तरुणपणापासूनच स्थूल स्त्रियांविषयी आपल्याला आकर्षण आहे, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. पत्नीला समाजात मिळणारी वागणूक पाहून तो व्यथित होता. त्याने त्या लेखाच्या प्रती काढून वाटल्या, लाउडरबॅकशी संपर्क साधला आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे 'नॅशनल असोसिएशन टू एड फॅट अमेरिकन्स' अर्थात 'नाफा' ही संघटना स्थापन झाली. लाउडरबॅकचे 'फॅट पॉवर' हे पुस्तक १९७० मध्ये आले.

या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व दुहेरी आहे. ज्या आवडीविषयी बोलणेही लाजिरवाणे होते, ती एका विवाहित गृहस्थाने उघडपणे मान्य केली, आणि तेवढ्यावर न थांबता आपल्या आवडीच्या व्यक्तीवर होणारा अन्याय हा आपलाही प्रश्न मानला. संघटनेने वार्तापत्र काढले, अपमानास्पद जाहिरातींविरुद्ध पत्रे पाठविली, नृत्यमेळावे भरविले आणि पत्रमैत्रीची व्यवस्था केली. ज्या स्त्रीला शाळेपासून नृत्याच्या वेळी भिंतीकडेला उभे राहण्याची सवय झाली होती, तिला नृत्यासाठी कोणी विचारणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हती. संघटनेतील अशा पुरुषांसाठी 'फॅट अ‍ॅडमायरर' ही संज्ञा रूढ झाली. लपूनछपून जगणाऱ्या आवडीला नाव मिळाले आणि नावाबरोबर काही प्रमाणात जबाबदारीही आली.

अधिकाराची मागणी : फॅट अंडरग्राउंड :

संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेतील काही स्त्रियांना मात्र हे अपुरे वाटले. ज्युडी फ्रीस्पिरिट व अल्डेबरन या त्यांतील प्रमुख होत. स्त्रीमुक्ती चळवळीच्या संस्कारात वाढलेल्या या स्त्रियांनी वैद्यकीय नियतकालिके स्वतः वाचण्यास आरंभ केला. अल्बर्ट स्टंकार्ड व मॅव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या एका आहारोपचार केंद्रातील १०० रुग्णांपैकी केवळ १२ जणांचे वजन २० पौंड वा अधिक घटले होते आणि दोन वर्षांनंतर ते टिकविणारे अवघे २ जण होते. जो उपाय बहुतेकांच्या बाबतीत निष्फळ ठरतो, त्याच्या अपयशाचा दोष रुग्णावर का ठेवावा, असा त्यांचा प्रश्न होता. मुख्य संघटनेस ही भाषा अतिरेकी वाटली. तेव्हा त्या बाहेर पडल्या व 'फॅट अंडरग्राउंड' या नावाने काम करू लागल्या. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांनी स्थूलमुक्तीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ऑगस्ट १९७४ मध्ये गायिका कॅस इलियट हिच्या मृत्यूनंतर महिनाभरातच लॉस एंजेलिस येथील स्त्री-समता दिनाच्या कार्यक्रमात त्यांनी व्यासपीठावर जाऊन तिच्या मृत्यूस वैद्यकीय व्यवसायाला जबाबदार धरले. वैद्यकीय निष्कर्ष म्हणून तो आरोप विवाद्य आहे. परंतु स्थूल स्त्री आपल्या देहाविषयी स्वतः बोलते आहे, ही त्या प्रसंगातील नवी गोष्ट होती.

दोन्ही गटांतील मतभेद केवळ भाषेचा नव्हता. 'आम्हीही सुंदर आहोत, आम्हालाही चाहते आहेत' हा मुख्य संघटनेतील मेळाव्यांचा सूर होता. त्यात दिलासा होता. परंतु स्त्रीचे मोल तिच्या आकर्षकतेवरून ठरते हे गृहीतक त्यात अबाधित होते. सडपातळ आवडणाऱ्याने केलेली निवड आणि स्थूल आवडणाऱ्याने केलेली निवड यांत स्त्रीच्या दृष्टीने एक साम्य होते : दोन्ही वेळी तराजू दुसऱ्याच्याच हाती होता. नोकरीच्या मुलाखतीत, दवाखान्यात, विमानाच्या आसनावर ज्या स्त्रीचा अपमान होतो, तिला चाहता असो वा नसो, तो अपमान अन्यायच असतो. कल्याणकारी हक्कांच्या चळवळीतील कृष्णवर्णीय नेत्या जॉनी टिलमन यांनी १९७२ मध्ये 'मिज' या मासिकातील लेखात आपण समाजाच्या हिशेबात का धरले जात नाही याची जी कारणे सांगितली, त्यांत स्त्रीत्व, वर्ण, दारिद्र्य यांच्या जोडीला स्थूलताही गणली होती. सौंदर्याच्या चर्चेत न मावणारा असा हा प्रश्न होता.

म्हणून आकर्षणाचे स्थान गौण ठरविता येईल काय? इतिहास तसे सांगत नाही. १९७९ मध्ये कॅरोल शॉ यांनी 'बिग ब्यूटिफुल वुमन' हे स्थूल स्त्रियांसाठीचे मासिक सुरू केले, त्याला मिळालेल्या वाचकवर्गावरून सुंदर म्हणविले जाण्याची गरज किती खरी होती ते कळते. प्रेम मिळणे हा कायद्याने देता येणारा हक्क नव्हे. परंतु प्रेमावाचून केवळ हक्कांवर कोणी जगतही नाही. अडचण आकर्षणात नव्हती. आकर्षणाला न्यायाचा पर्याय समजण्यात होती.

कायद्याच्या पातळीवर प्रगती संथ राहिली. मिशिगन राज्याने १९७६ मध्ये एलियट-लार्सन कायद्यान्वये वजनावरून होणाऱ्या भेदभावास मनाई केली. सॅन फ्रान्सिस्को शहराने २००० मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये तशी तरतूद केली. मूळ संघटनेनेही दरम्यानच्या काळात नाव बदलून 'साहाय्य' या शब्दाऐवजी 'स्वीकार' हा शब्द घेतला. दुसरीकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१३ मध्ये स्थूलतेस रोग म्हणून मान्यता दिली. म्हणजे एकाच देशात तोच देह कायद्याने संरक्षित आणि वैद्यकाने रोगी ठरला आहे.

भारतीय व मराठी संदर्भ :

या इतिहासाकडे पाहताना मराठी अभ्यासकाला आपल्या भाषेतील साक्षही दुर्लक्षिता येणार नाही. 'सुदृढ', 'बाळसेदार', 'खात्यापित्या घरची' हे शब्दप्रयोग भरलेल्या देहाची जुनी प्रतिष्ठा सांगतात. विवाहविषयक जाहिरातींतील 'सडपातळ' हा शब्द नव्या अपेक्षेची नोंद करतो. जेथे अन्नाची शाश्वती नसते तेथे भरलेले अंग मिरविले जाते आणि जेथे अन्न मुबलक होते तेथे संयम मिरविला जातो, हे अमेरिकेतील सूत्र येथेही काही अंशी लागू पडते. फरक असा की, भारतात दोन्ही अवस्था एकाच वेळी नांदत आहेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या, तर सुमारे १९ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या गटात होत्या.

देहाच्या बाह्य आकारावरून आरोग्य वाचता येत नाही, याचा एक मार्मिक पुरावा पुण्यातूनच पुढे आला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. अतिरिक्त चरबीचा मधुमेह व हृदयविकाराशी असलेला संबंध नाकारण्याचे कारण नाही. तथापि दिसण्यावरून रोग, रोगावरून चारित्र्य आणि चारित्र्यावरून मोल ठरविण्याची जी साखळी समाजमनात तयार झाली आहे, तिची पहिलीच कडी कच्ची आहे, हे या उदाहरणाने स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१) स्त्रीदेहाच्या आकाराविषयीची अभिरुची स्थिर वा निव्वळ नैसर्गिक नाही. अमेरिकेत १८९० ते १९२० या काळात मोजमाप, बाजारपेठ, युद्धकालीन नीतिमत्ता व वंशभेद यांच्या संयुक्त प्रभावाने तिची दिशा पालटली.

२) स्थूल देहाची प्रशंसा होण्याच्या काळातही स्त्रीला आपल्या देहावर अधिकार नव्हता. सबब भूतकाळातील प्रशंसेकडे परत जाणे हा वर्तमानातील अवहेलनेवरील उपाय होऊ शकत नाही.

३) १९६९ मध्ये एका व्यक्तीच्या खाजगी आकर्षणातून संघटना उभी राहिली, ही लज्जेवर मात करणारी घटना होती. आवड ही खाजगी असली तरी तिची उघड कबुली हे सामाजिक धैर्याचे कृत्य ठरू शकते.

४) १९७३ मधील फुटीने या धैर्याची मर्यादा दाखवून दिली. कोणालातरी आवडतो म्हणून देह आदरास पात्र होतो, असे मानल्यास न आवडणाऱ्या देहाचा अनादर आपोआप क्षम्य ठरतो.

५) स्थूल स्त्रीवर प्रेम करणाऱ्याने ते लपवू नये एवढी अपेक्षा इतिहासाच्या आधारे नक्कीच करता येते, परंतु तिला मिळणारी नोकरी, उपचार व सन्मान हे त्या प्रेमावर अवलंबून राहू नयेत, हा या इतिहासाचा अधिक महत्त्वाचा बोध आहे. शाळा-महाविद्यालयांत, जेथे वजनावरून पडलेली टोपणनावे अद्याप निरुपद्रवी थट्टा समजली जातात, तेथे या बोधाची आवश्यकता विशेष आहे.